साळूबाईचे पाय

अकरावीच्या व्हिडिओ चित्रणाच्या वर्गात आज ललिताची कॅसेट लागणार होती, आणि प्रात्यक्षिकात जो नापास होईल त्याला कॅमेरा पुन्हा मिळणार नव्हता.

तिने पंचवटीच्या बाजारात फुलं विकणाऱ्या आपल्या आईचं, साळूबाईचं, चित्रण केलं होतं. साळूबाई नवं लुगडं नेसून देवळातल्या मूर्तीसारखी ताठ बसली होती.

देवरे सरांनी टीव्ही लावला. पडद्यावर मूर्ती नव्हतीच. होता नुसता चिखल, तुडवलेला झेंडू आणि आईच्या भेगाळलेल्या टाचा. सुरुवातीलाच बटण एकदा जास्त दाबलं गेलं होतं. त्यामुळे कॅमेरा खांद्यावर असताना बंद राहिला आणि हातात लोंबकळताना चालू!

"पायांचा पिक्चर!" मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग खो खो हसला.

तेवढ्यात त्या टाचांच्या वरून आईचा आवाज आला. ती शेजारच्या विठाबाईला सांगत होती, "हळू बोल गं बाई. पोरीचे हात कसे कापत्यात बघ. परीक्षा तिची हाय, अन् धडधड माझ्या छातीत व्हतीया."

हसू विरलं. सरांनी ते पुन्हा एकदा ऐकवलं.

"चित्र नापास," ते म्हणाले, "पण या बाईंसाठी बुधवारी कॅमेरा परत घेऊन जा. आणि चित्रण सुरू झाल्याचा लाल दिवा लागला का, ते बघ!"

घरी साळूबाई दारातच उभी होती. "दिसले का गं मी?"

"पाय दिसले."

"अगं बया! बिनधुतलेले?"

ललिता हसली. बुधवारी मात्र ती आधी लाल दिवा बघणार होती.