खापरपणजोबांची पत्रं वाचायला बहरीनला

लोक बहरीनला सोनं घ्यायला जातात, मी गेलो मोडी वाचायला.

माझे खापरपणजोबा एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीला वकील होते. मित्राला लिहिलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल ते वकिली सवयीनं ठेवून घ्यायचे. ते गाठोडं माझ्या चुलतभावाकडे, सुधीरदादाकडे, बहरीनला होतं. त्यानं एकदा एका पानाचा फोटो पाठवला. वर एका विधवेचा वाटणीचा दावा आणि खाली कवितेला यमक हवंच का यावर कडाक्याचं भांडण! एवढं कळायला मला दोन वर्षं मोडी शिकावी लागली. दादा सगळ्याच पानांचे फोटो पाठवायला तयार होता. मीच नको म्हटलं. साहेबांना अस्सल कागद हातात घ्यायचे होते ना!

मुंबईहून थेट विमान आहे, व्हिसा ऑनलाइन मिळतो. जाणार असाल तर हिवाळ्यात जा. मी मे महिन्यात गेलो आणि भाजून निघालो. दादा एसी दुरुस्तीची कामं करतो. "यल्ला, बस लवकर!" म्हणत त्यानं मला झिंजमधल्या फ्लॅटवर नेलं. वहिनींनी सुरमईचं कालवण आणि तिथली गरम खुबूज रोटी वाढली. झक्कास जेवलो, हात धुतले आणि म्हटलं, "वहिनी, आता गाठोडं काढा."

"अहो भावोजी, त्याचं विसर्जन केलं की! कसर लागली होती, पानं हातात तुटत होती. प्रत्येक पानावर 'श्री', मग कचऱ्यात कसं टाकणार? हळदकुंकू वाहून झल्लाकला समुद्रात सोडलं."

"वहिनी, ती पोथी नव्हती हो!"

"तुम्हीच म्हणालात ना फोनवर, पोथीसारखं जपा म्हणून?"

म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी हट्टानं झल्लाकला गेलो. किनारा सुरेख आहे, पाणी उथळ. रिसॉर्टवाले बघत होते आणि मी गुडघाभर पाण्यात वेड्यासारखा वाळू चाचपत होतो.

"खलास रे आता," दादा म्हणाला. "ही म्हणतेय, सात-आठ महिने झाले. मलाही कालच कळलं. चल घरी."

अरादचा किल्ला बघायचा राहिला. त्याबद्दल विचारू नका.

परत येऊन पंधरा दिवस झाले. घरात मोडी कागद असतील तर आजच्या आज फोटो काढा, बाबांनो. वहिनींवर रागावता येत नाही, माझा मलाच इतका राग येतो की जेवण जात नाही.

काल त्यांचा फोन आला. रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "भावोजी, काय लिहिलं होतं हो त्यात?"

मला सांगता आलं नाही. आता कुणालाच येणार नाही.