दशाश्वमेधच्या पायरीवर मी घेतलेली लॅटिनची परीक्षा

लेकाने तिकीट हातात दिलं आणि म्हणाला, "आई, गंगेत डुबकी मार आणि येताना सईला घेऊन ये." सई माझी नात. बनारसला संस्कृत शिकते आणि आता लॅटिन शिकायला इटलीला निघालीय. मेलेल्या भाषेपायी एवढ्या लांब कशाला, म्हणून बापाने तिच्याशी बोलणंच टाकलंय. मी चौथी पास. म्हणजे या भांडणात पडायला एकदम लायक.

पुण्याहून थेट गाडी आहे; खालचा बर्थ मागा, दशम्या सोबत ठेवा. रिक्षा गोदौलिया चौकापर्यंतच येते, पुढे गल्ल्यांतून पायपीट. सई मंगला गौरीच्या देवळाजवळ एका मराठी घरात राहते. घरमालकीण काकू दारातच म्हणाल्या, "आजी, ही पूरा दिवस भिंतीशी बडबडते. जरा समजवा हिला."

सकाळी कचौडी-जिलबी खाऊन (पोट सांभाळा, तेलाला हात सढळ आहे) दोघी दशाश्वमेध घाटावर बसलो. म्हटलं, "मला पटव. पटलं तर जा, नाहीतर सामान बांध."

"'देणं' घे. आपलं संस्कृत ददाति. लॅटिनमध्ये दो, दास, दात. मी देतो, तू देतोस, तो देतो. त्याचं इटालियनमध्ये झालं दो, दाइ, दा."

"शेवटचे स आणि त कुठे गेले?"

"बोलून बोलून झिजले."

"या पायऱ्यांसारखे म्हण की. आणि 'दिलं' कसं म्हणायचं?"

"लॅटिनमध्ये देदी. पहिलं अक्षर दोनदा. संस्कृतातही तसंच, ददौ. इटालियन दिएदीत ते अजून टिकलंय."

"म्हणजे दिलेलं दोनदा बोलून दाखवायची खोड तिकडेही आहे! तुझ्या आत्याने मला एक साडी दिली, ती अजून ऐकतेय मी."

शेजारी घाटावरच्या छत्रीखाली बसलेले गुरुजी खो-खो हसले. "माताजी, आमचे यजमान दक्षिणा अशीच देतात!"

सई हसली नाही. "आजी, हेच मी बाबांना सांगायला बसले होते. ते ताट सारून उठले."

चौथीनंतर मला शाळेतून काढलं, तेव्हा पुढे शिकायचंय म्हटल्यावर माझे वडीलही असेच ताटावरून उठले होते. म्हटलं, "जा तू. बापाला मी बघते."

घरी पोचले. माझ्यामागून रिक्षातून कुणी उतरतंय का, लेकाने वाकून पाहिलं. कुणी नव्हतं. माझे गुडघे सुजलेले, गंगाजलाची बाटली गाडीतच गळलेली. प्रवासातली तेवढी सूज घरी आली म्हणायची.

तिसऱ्या दिवशी चहा घेताना लेक म्हणाला, "इटलीत थंडी फार असते का गं?"

"मला काय विचारतोस? मी बनारसला गेले होते. पोरीला विचार."

चहा तसाच ठेवून तो फोन घेऊन गॅलरीत गेला. दार ओढून घेतलं, पण आवाज येत होता.