एका माणसाची रांग

आमच्या वहिनीच्या पायाला भिंगरी. भाजी फोडणीला टाकून ती दोनदा जिन्यापर्यंत जाऊन येते, आणि मी "बस की गं जरा" म्हटलं की माझ्यावरच खेकसते. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये ती पेशंटची नावं पुकारायची. रांगेवरून रोज भांडणं. शेवटी मालक म्हणाले, "नंबरचं मशीनच आणतो. मग तुझं काय काम?"

नोकरी जाणार म्हटल्यावर वहिनीला अन्न गोड लागेना. मशीनऐवजी रांगेचा प्रोग्राम आपणच करून द्यायचा, म्हणून मोबाइलवर धडे बघून तिने प्रोग्रामिंग शिकायला घेतलं. अ‍ॅरे म्हणजे नावांची रांग. पुश केलं की नवं नाव शेवटी चिकटतं, पॉप केलं की एक नाव निघतं. झालं की! प्रोग्राम तपासायला पेशंट म्हणून मी. माझं नाव घातलं, बटण दाबलं, माझं नाव आलं. आम्ही दोघी नाचलो. एकाच माणसाच्या रांगेला पुढचं टोक काय नि मागचं काय, हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

सोमवारी लॅबच्या पडद्यावर जो शेवटी येईल त्याचं नाव आधी येऊ लागलं. पॉप मागून काढतं! वहिनी आत-बाहेर धावत होती, तिचं लक्षच नाही. सगळ्यांत आधी उपाशीपोटी आलेले एक आजोबा मुकाट बसून होते, ते चक्कर येऊन कलले. साखरपाणी पाजल्यावर सावरले, पण तपासणी बुडाली. मालक म्हणाले, "उद्या शेवटचं बघतो."

घरी तिने मलाच धारेवर धरलं. "तू एकटीच कशाला आलीस गं पेशंट म्हणून?"

"वा! नाचता येईना, अंगण वाकडं."

मग तिने धडा पुन्हा बघितला: पॉपच्या जागी शिफ्ट घातलं, की रांगेच्या पुढच्या टोकाचं नाव निघतं. एवढ्याशा शब्दापायी म्हातारा माणूस आडवा झाला, याचा मला संताप आला होता. या वेळी दादाला, पोरांना, शेजारणीलाही रांगेत घातलं.

सकाळी मला घरी राहवेना, मीही गेले. आजोबा पुन्हा उपाशी, पुन्हा पहिले. वहिनीला म्हणाले, "पोरी, बाहेर जाऊन शेवटी येऊ का? म्हणजे लवकर नंबर लागेल."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने बटण दाबलं. आजोबांचं नाव आलं. त्यांचा हात धरून ती आत गेली ती बाहेरच येईना. इकडे खुर्च्यांवर चुळबुळ सुरू. मालक काउंटरपाशी आले, पडद्याकडे बघत घुटमळले, आणि त्यांनी स्वतःच बटण दाबलं. आजोबांच्या मागोमाग आलेल्या बाई उठल्या. "मशीन राहू दे," मालक म्हणाले.