कोणी काय दाबलं?

"कोणी काय दाबलं?"

दारातून आत येताना त्यांचं पहिलं वाक्य हेच असायचं. नमस्कार नाही, चमत्कार नाही. खांद्यावरची बॅग माझ्या टेबलावर, नेमकी माझ्या कागदांवर ठेवायची, खिशातून रुमाल काढून माझा कीबोर्ड पुसायचा आणि मग खोलीतल्या चौघांकडे आळीपाळीने बघत विचारायचं, "कोणी काय दाबलं?" माणसाने काहीतरी दाबल्याशिवाय मशीन बिघडत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. मशीन बिचारं निष्पाप. माणूस तेवढा गुन्हेगार. ते स्वतःला या दोहोंत कुठे धरत होते, कोण जाणे.

तुमच्याही ऑफिसात असं कोणी येत असेल. सगळे त्याला 'सर' म्हणतात, कारण त्याला नक्की काय येतं हे कुणालाच ठाऊक नसतं.

मी तेव्हा पिंपळगाव बसवंतच्या एका पॅकहाऊसमध्ये एक्सपोर्टचे कागद बघायचे. द्राक्षांचा कंटेनर निघण्याआधी सर्टिफिकेटं सरकारी पोर्टलवर भरायची, बंदरावरच्या एजंटाला कागद पाठवायचे, असं काम. इंटरनेट बंद म्हणजे मी बंद, आणि मी बंद म्हणजे गेटवरचा कंटेनर उभा. बोट कुणासाठी थांबत नाही.

माझ्या खुर्चीमागे एका लोखंडी कपाटात फायरवॉलचा सर्व्हर होता. इंटरनेटवरून आत येणारं आणि आतून बाहेर जाणारं सगळं त्याच्यातून गाळून जायचं. तो बसवला सरांनीच, आणि सांभाळायचं कंत्राटही त्यांचंच. नाशिकला द्वारका चौकाजवळ त्यांचं दुकान होतं. कपाटाची किल्ली मात्र आमच्याकडे नव्हती. ती त्यांच्या बॅगेत असायची.

त्या वर्षी फेब्रुवारीत या सर्व्हरने नवं दुखणं काढलं. पहिल्या दिवशी उत्तम चालायचा. दुसऱ्या दिवशी पोर्टल रेंगाळायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळं ठप्प. मग मी फोन करायचे, सर नाशिकहून निघायचे आणि येईपर्यंत दीड तास गेलेला असायचा. आल्यावर आधी आमची उलटतपासणी. मग कपाट उघडून सर्व्हर बंद करायचा, डोळे मिटून मनात काहीतरी मोजायचं आणि पुन्हा चालू करायचा. की सगळं सुरळीत.

पॅकिंगच्या बायका खिडकीतून हे बघायच्या. त्यांच्यातली पेठकडची जमनाबाई एकदा मला म्हणाली, "ताई, तुमचा भगत लय भारी. नुसता डोळे मिटतो नि भूत पळतं."

"पण दोन दिवसांनी परत येतं ना," मी म्हटलं.

"मग भगताचं पोट कसं भरंल?" ती म्हणाली.

मी सरांना विचारून पाहिलं. "सर, बंद करून चालूच करायचं असेल तर किल्ली ठेवून जा. मी करत जाईन."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी डॉक्टरकडे कात्री मागितली होती. "मॅडम, ते तुमच्या लेव्हलचं नाही."

"पण हे दर तीन दिवसांनीच का होतं?"

"तेही तुमच्या लेव्हलचं नाही."

मार्चमध्ये व्हायचं तेच झालं. ऐन दुपारी इंटरनेट गेलं, सर एका लग्नाच्या जेवणाला गेले होते, ते सावकाश उरकून आले. तोवर कागद अडकले आणि आमच्या कंटेनरची बोट चुकली. शेठ, म्हणजे आमचे मालक, केबिनमधून बाहेर आले ते लालबुंद होऊनच. "मला एक नाव पाहिजे," ते म्हणाले.

सरांनी बॅगेतून छापील कागद काढला. फायरवॉल रोज एक रिपोर्ट बनवायची, कोणी किती इंटरनेट वापरलं त्याचा. सगळ्यात वरच्या ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, "हा मोबाइल. हाच सगळी लाइन खातो."

तो मोबाइल रफिकभाईंचा होता. ते कोल्ड स्टोअर सांभाळायचे. अकरा वर्षं झाली होती त्यांना.

"शेठ, मी कोल्ड रूमचे कॅमेरे बघतो त्याच्यावर," रफिकभाई म्हणाले. "टेंपरेचर वर गेलं तर कळायला नको का?"

"सगळे असंच सांगतात," सर म्हणाले. कागदाची घडी घालून त्यांनी ती शेठच्या हातात दिली. जराही न कचरता, चहाचा कप द्यावा तशी.

"रफिक, उद्यापासून येऊ नको," शेठ म्हणाले.

रफिकभाईंनी अंगातलं कोल्ड रूमचं जाकीट काढलं, माझ्या टेबलाच्या कडेला नीट ठेवलं आणि गेले. मला माहीत होतं, आदल्याच आठवड्यात ते बहिणीच्या लग्नासाठी चार दिवस रजेवर होते आणि त्या चार दिवसांतही सर्व्हर बंद पडला होता. हे वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी ते गिळलं. शेठ तापलेले होते आणि मला माझी खुर्ची प्यारी होती. सरांविषयी इथे जी तुच्छता तुम्हाला दिसतेय, तिच्यातला थोडा वाटा माझ्या स्वतःविषयीचाही आहे. तो मी नाकारत नाही.

पुढे रंगपंचमी आली. पॅकहाऊसला सुट्टी होती. एका कंटेनरचे कागद राहिले म्हणून मी एकटीच आले होते. आदल्या दिवशी संध्याकाळी सर्व्हर बंद-चालू करून सर घाईत गेले होते आणि फायरवॉलचं पान माझ्या कॉम्प्युटरवर उघडंच राहिलं होतं. त्यावर एका कोपऱ्यात लिहिलं होतं, मेमरी एकतीस टक्के. मी काम संपवलं, डबा खाल्ला आणि सहज पुन्हा बघितलं. चव्वेचाळीस. निघताना अठ्ठावन्न. शेडमध्ये माणूस नाही, एकही मोबाइल जोडलेला नाही, आणि आकडा आपला चढतोय. कोणी काहीही दाबलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो ऐंशीच्या पुढे होता. तिसऱ्या दिवशी सत्त्याण्णव झाला आणि इंटरनेट गेलं.

त्या दिवशी मी सरांना फोन केलाच नाही. मोबाइलवरून फायरवॉल बनवणाऱ्या कंपनीच्या मदतीच्या नंबरला लावला. पलीकडे एक मुलगी होती. तिने दोन-चार प्रश्न विचारले आणि पाच मिनिटांत सांगितलं की सॉफ्टवेअर जुनं आहे आणि हा दोष त्यांना माहीत आहे. रोजचा रिपोर्ट बनवणारा जो भाग आहे, तो कामासाठी मेमरी घेतो आणि काम झाल्यावर परत करत नाही. मला ते लगेच पटलं. आमच्या पॅकिंगच्या टेबलावर कोणी क्रेट वर क्रेट आणत राहिलं आणि रिकामे उचललेच नाहीत, तर तिसऱ्या दिवशी हात ठेवायला जागा उरणार नाही. इतकी साधी गोष्ट. सुधारलेलं अपडेट कंपनीने केव्हाच दिलं होतं. ते टाकायचं काम सरांचं होतं.

पासवर्ड त्यांच्याकडेच असल्यामुळे त्यांना बोलवावं लागलं. फोनवर मी अपडेटचं नाव काढलं.

"चालत्या मशीनला हात लावायचा नसतो, मॅडम."

"चालतंय कुठे, सर?"

ते आले. त्या दिवशी कोणालाही काही विचारलं नाही. मी त्या मुलीला स्पीकरवर ठेवलं. ती हिंदी-इंग्रजीत भराभर पायऱ्या सांगत होती आणि सर पडद्याकडे नुसते बघत होते. कपाळावर घाम. थोड्या वेळाने माझ्याकडे न पाहता हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, जरा इथे बसता का? तुम्ही वाचून सांगा, मी दाबतो."

मी खुर्ची ओढली. वाचत गेले, ते दाबत गेले. प्रत्येक वेळी बोट बटणावर येऊन थबकायचं. बोटांच्या टोकांवर भाजल्याचे जुने, पांढरट डाग होते. मी ते बघतेय हे त्यांच्या लक्षात आलं.

"सोल्डरिंगचे," ते म्हणाले. "रेडिओ दुरुस्त करायचो. डोळे मिटून करायचो. उघडला की दिसायचं, काय जळलंय ते." मग कपाटाकडे मान वळवून म्हणाले, "यात उघडलं तरी काही दिसत नाही."

मला त्यांची दया आली. अपडेट व्हायला बारा मिनिटं लागली, तेवढा वेळ ती टिकली.

कारण सर्व्हर सुरू झाला, आकडा तीसवर स्थिर झाला, आणि सर रुमालाने तोंड पुसून थेट शेठच्या केबिनमध्ये गेले. "कंपनीचा दोष होता शेठ. शेवटी पकडलाच मी."

मी त्यांच्या मागोमाग गेले. या वेळी गिळलं नाही. "शेठ, रफिकभाईंचा यात काही संबंध नव्हता. ते रजेवर होते तेव्हाही हे बंद पडलं होतं."

शेठनी सरांकडे पाहिलं. सरांनी बॅगेची चेन लावली, उघडली, परत लावली. "रिपोर्ट तसा आला होता," ते म्हणाले.

"रिपोर्ट बनवणारंच बिघडलं होतं, सर."

शेठनी तिथल्या तिथे रफिकभाईंना फोन लावला. त्यांना ओझरच्या एका कोल्ड स्टोअरमध्ये काम मिळालं होतं. ते शांतपणे म्हणाले, "शेठ, काढायच्या आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं. आता इकडे शब्द दिलाय." ते आले नाहीत.

हंगाम संपल्यावर कंत्राट दुसऱ्यांना गेलं. राहिलेले पासवर्ड आणायला मला सरांच्या दुकानी पाठवलं. अरुंद दुकान, भिंतीला टेकवलेले बंद पडलेले मॉनिटर, आणि ते एकटेच. त्यांनी सगळे पासवर्ड आठवून कागदावर लिहून दिले. एकही चुकला नव्हता. मी निघाले तेव्हा त्यांनी विचारलं, "तो रफिक... त्याचं बरं चाललंय ना?"

"तुम्हीच विचारा."

"नंबर आहे?"

मी नंबर सांगितला. त्यांनी तो मोबाइलवर लावला, कानाला धरला. पलीकडे एक रिंग वाजली असेल-नसेल, त्यांनी कट केला.

"जेवत असेल आता," ते म्हणाले.

दुपारचे सव्वाचार वाजले होते. मी पायऱ्या उतरले.

पुढच्या महिन्यात ओझरच्या स्टँडवर रफिकभाई भेटले. मी विचारलं, सरांचा फोन आला होता का? त्यांनी आठवून पाहिलं.

"एक मिस कॉल होता मागे, दुपारचा, अनोळखी नंबरचा. मी लगेच लावला परत," ते म्हणाले. "वाजत राहिला. कोणी उचललाच नाही."