माफीच्या आधी हवामान

मला वाचवलं ते काकूंनी. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला बुडवलंही थोडंफार त्यांनीच, आणि ते पुढे येईल तेव्हा तुमचं मन त्यांच्याविषयी उगाच कलुषित व्हायला नको.

काकूंकडे पत्राचं काम घेऊन गेलं की त्या कागद पसरायच्या, तळव्याने तीनदा सारखा करायच्या, पेनाचं टोपण काढायच्या आणि खिडकीकडे बघत विचारायच्या, "हवा कशी आहे रे आज?"

जपानी पत्र हवामानाने सुरू होतं. निदान काकूंचं तरी व्हायचंच. गॅसवाल्याला शेगडी बिघडल्याचं कळवायचं असलं, तरी त्या बिचाऱ्याला आधी पानगळ सुरू झाल्याचं कळायचं.

काकू मूळच्या पुण्याच्या, पण कोबेत पंचवीस वर्षं काढलेल्या. काका इथल्या एका व्यापारी पेढीत होते. ते गेल्यावरही काकू इथेच राहिल्या. मुलगा सेंदाईला विद्यापीठात. काकू फोनवर त्याच्याशी मराठीत बोलायच्या, तो जपानीत उत्तरं द्यायचा, आणि दोघांचं उत्तम चालायचं.

मी आठवीत शाळा सोडलेला. मिरजेच्या एका खानावळीत हात तयार झाला आणि त्या हातांच्या जोरावर कोबेतल्या भारतीय जेवणाच्या हॉटेलात आचारी म्हणून आलो. हॉटेल जपानी कंपनीचं, मॅनेजर जपानी. माझी खोली काकूंच्या मागच्या गल्लीत. जपानी कानाला कळायचं, तोंडाला थोडं यायचं, हाताला अजिबात नाही.

मॅनेजरला एक छंद होता. काही बिघडलं की तो शिमात्सुशो मागायचा, म्हणजे लेखी माफीनामा. पहिला मागितला तो माझ्या हातून डाळीचं पातेलं सांडलं म्हणून. मी रडकुंडीला येऊन काकूंकडे गेलो. मला वाटलं, उद्या विमानात बसवतात.

"यात घाबरायचं काय?" काकू म्हणाल्या. "इथे आधी वाकायचं, मग बोलायचं. वाकलेल्या माणसाला कोणी मारत नाही."

आणि त्यांनी लिहिलं. मराठीत सांगितलं तेव्हा मी थक्क झालो. प्लमच्या कळ्यांपासून सुरुवात होऊन डाळीपर्यंत मजकूर असा उतरला होता, की एवढ्या तळमळीने मी आयुष्यात कशाचाच विचार केला नव्हता. माझं काम फक्त सहीच्या जागी नावाचा शिक्का मारायचं. मॅनेजरने तो कागद दोनदा वाचला आणि जपून फायलीत ठेवला.

तिथेच घात झाला. त्याला चटक लागली आणि काकूंना हुरूप आला. एका बाईंनी हौसेने जहाल तिखट मागवलं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, त्याची माफी मी मागितली. वादळात हॉटेलची पाटी उडून गेली, तिचीही. फ्रीज बंद पडला, त्याचीही. त्या वर्षी उन्हाळा असा पडलाच नाही, देशात भात पिकला नाही, सरकारने बाहेरून लांब दाण्याचा तांदूळ आणला आणि गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली. मला तर तो तांदूळ बघून घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं होतं. तरी माफी मागितली. जपानमध्ये भात पिकला नाही याबद्दल मिरजेच्या माणसाने मागितलेली ही बहुधा एकमेव माफी असावी.

मग मंदी आली, टेबलं रिकामी राहू लागली आणि एका सकाळी मॅनेजरने मला कामावरून काढल्याचा कागद हातात दिला. तो घेऊन मी नेहमीप्रमाणे काकूंकडे गेलो. त्यांनी कागद सारखा केला नाही, हवा विचारली नाही. नुसता वाचला.

"स्वतःच्या गंभीर चुकांमुळे काढलं, असं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "पुरावा म्हणून तुझे माफीनामे जोडलेत."

मालकाने माणसं कमी केली, तर बेकारभत्ता आठवडाभराने सुरू होतो. आपल्या गंभीर चुकीने गेला असाल, तर तीन महिने बंद. हा नियम मला त्या दिवशी कळला. तीन महिने खोली टिकवणं मला शक्य नव्हतं. म्हणजे मिरज. आणि तिथे आईला काय सांगणार, तर गंभीर चुका करून आलो.

दुसऱ्या दिवशी काकू ठेवणीतली साडी नेसून माझ्याबरोबर रोजगार कचेरीत आल्या. टेबलापलीकडे चष्मा लावलेला तरुण अधिकारी, त्याच्यापुढे आमची फाईल. मी बसता बसता सवयीने म्हणालो, "सुमिमासेन," म्हणजे माफ करा. काकूंनी टेबलाखालून माझ्या पायावर चप्पल दिली. "आज वाकलास तर बघ," त्या मराठीत म्हणाल्या. चेहरा हसरा.

अधिकाऱ्याने विचारलं, हे सगळं यांनी केलं का? काकू म्हणाल्या, सावकाश वाचा. तो वाचू लागला. काकूंचं एक होतं, माफी कितीही मोठी असो, तपशिलात खोटं लिहायच्या नाहीत. अधिकारी फ्रीजच्या पत्रापाशी थांबला आणि मोठ्याने वाचू लागला. "त्या दिवशी माझी सुट्टी होती. सुट्टी घेतल्यामुळे फ्रीज बंद पडण्याच्या क्षणी मी त्याच्याजवळ नव्हतो, याची मला अतोनात खंत आहे."

त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग पाटीचं पत्र वाचलं, त्यातलं वादळ वाचलं. मग तांदळाचं. शेजारच्या टेबलावरची बाई हातातलं काम थांबवून ऐकत होती.

"जपानी फार सुंदर आहे," तो म्हणाला. "कोणी लिहिलं?"

काकूंनी पदर सारखा केला. मला धोका दिसला. त्या खुलल्या होत्या.

"पण ही फ्रीजची खंत," तो पुढे म्हणाला, "जरा अतिशयोक्ती नाही का वाटत?"

काकूंची मान ताठ झाली. त्यांच्या पत्राला कोणी नाव ठेवलेलं मी पाहिलं नव्हतं. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या, मग फायलीकडे, मग माझ्याकडे. मी खुर्चीच्या टोकाला बसून पुन्हा वाकायच्या बेतात होतो.

"आहे," काकू म्हणाल्या. "हीच नाही, सगळीच. डाळ सोडली तर याने काही केलेलं नाही. मजकूर माझा आहे."

अधिकाऱ्याने आमच्यासमोरच हॉटेलात फोन लावला आणि फ्रीज बंद पडला त्या दिवशी कामावर कोण होतं, एवढंच विचारलं. पलीकडे मॅनेजर बराच वेळ बोलत होता. बहुतेक माफी मागत असावा, पण लेखी नसल्यामुळे रंगली नसावी. पुढच्या आठवड्यात कारण बदलून आलं: मंदीमुळे कर्मचारी कपात. भत्ता सुरू झाला, खोली राहिली, आणि तो संपायच्या आत मला एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम मिळालं.

कचेरीतून परतताना स्टेशनवरच्या बाकावर आम्ही गाडीची वाट बघत होतो. काकू एकदम म्हणाल्या, "चुकले रे मी."

ना कळ्या, ना पानगळ, ना पाऊस. एवढीच माफी.

मी घाईघाईने म्हणालो, "नाही काकू, चूक माझीच."

"बघ," त्या म्हणाल्या. "परत." आणि इतक्या हसल्या की आमची गाडी गेली.

पुढच्या जानेवारीत भूकंप झाला. काकू वाचल्या, घर राहण्याजोगं उरलं नाही. मुलगा येऊन त्यांना सेंदाईला घेऊन गेला. निघताना सामानाच्या गाडीचा त्रास होईल म्हणून त्या गल्लीत दारोदार वाकून आल्या. ज्या दारांना घरं उरली नव्हती, तिथेही क्षणभर थांबल्या. माझ्यापुढे मात्र वाकल्या नाहीत. पाठीवर एक थाप मारली आणि म्हणाल्या, जेवत जा.

काकूंचं ऋण फेडायचं आहे. आता रविवारी प्रौढांच्या एका शाळेत जपानी लिहायला शिकतो, माझ्या वर्गात माझ्याहून लहान कोणी नाही आणि मोठे पुष्कळ आहेत. माझ्या हाताने त्यांना एक पत्र लिहायचं आहे, ज्यात माफी कशाचीच नसेल. सध्या कागद तीनदा सारखा करून पहिल्या ओळीपर्यंत पोचलो आहे: सेंदाईला एव्हाना थंडी पडली असेल.

पुढचं लिहीन, काकू. नक्की लिहीन.