ओट्याचा दगड आणायला गेले आणि डोणीपाशी भांडले

ओट्याची कड तिसऱ्यांदा तुटून माझ्या हातात आली, त्या दिवशी मी नगरला जायचं ठरवलं.

गोष्ट १९७३ च्या मे महिन्यातली. पुण्यात पर्वतीच्या बाजूला आमचं नवं घर होऊन वर्षही झालं नव्हतं. स्वयंपाकघरात मोझॅकचा ओटा होता, हिरवा-पांढरा, ठिपक्याठिपक्यांचा. बघायला येणारी प्रत्येक बाई त्यावरून हात फिरवून जायची. सहा महिन्यांत स्टोव्हखाली तडा गेला आणि मग कड झडायला लागली. मोरीची फरशी खचली. अंगणात कंत्राटदारानं हौसेनं सिमेंटचं एक बाकडं करून दिलं होतं, झाडाच्या बुंध्यासारखं दिसणारं, वर खोट्या साली कोरलेलं. शेजारचे काका त्यावर पेपर वाचायला बसले आणि बाकड्यासकट खाली आले.

मी कंत्राटदाराला बोलावून ओटा दाखवला. तो म्हणाला, "वहिनी, सिमेंट परमिटवर मिळतंय. मिळालं तेवढं घातलं. आणि हल्ली शंभर वर्षांसाठी कोण घर बांधतं?"

माझं डोकं सणकलं. शंभर वर्षं कोण मागत होतं? मी एक दिवाळी मागत होते.

आमच्या ह्यांची मोठी बहीण, अक्का, भिंगारला राहायची. तिचे यजमान तिथल्या लष्करी छावणीच्या कचेरीत कारकून. त्यांच्या क्वार्टरमधला काळ्या दगडाचा ओटा मी लग्नानंतर पहिल्यांदा गेले तेव्हाच पाहून ठेवला होता. मी तिला पत्र टाकलं, रजा काढली आणि सकाळी सहाची एसटी पकडली. हे म्हणाले, "एका दगडासाठी नगर?" मी म्हटलं, "हो, एका दगडासाठी."

ज्यांना त्या रस्त्याची तेव्हाची कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगते. पुणे-नगर म्हणजे लाल गाडीनं चार तास, तिकीट सात रुपयांच्या आत, आणि शिरूरला चहा-भज्यांचा थांबा. त्या वर्षी भजी नव्हती, नुसता चहा होता, तोही अर्धा कप. घोडनदीचा पूल ओलांडला की नगर जिल्हा लागतो. खाली नदीत पाण्याचा थेंब नव्हता. वाळूत खड्डे खणून बायका वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. सुप्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही कडांना खडीचे ढीग लागले, एकसारखे, मोजून घातलेले. ढिगांआड माणसं बसलेली होती आणि हातोड्यांचा आवाज गाडीच्या घरघरीतूनही ऐकू येत होता. शेजारचा प्रवासी म्हणाला, "दुष्काळी कामं. आख्खा जिल्हा खडी फोडतोय."

नगर स्टँडवरून टांग्यानं भिंगारला पोचले. अक्कानं पानात लाल भाकरी वाढली.

"मिलो," ती म्हणाली. "अमेरिकेची ज्वारी. थापताना तुटते, खाताना रुतते. रेशनवर हेच आहे, गुपचूप खा."

मी खाल्ली, पण लक्ष ओट्यावर होतं. गोऱ्या साहेबाच्या काळातला, अखंड काळा दगड. त्यावर किती संसार येऊन गेले असतील! कड बोथट झाली होती, पण झडली नव्हती. मोरीला तिरकी ठेवलेली तशीच एक शिळा होती आणि पाणी कसं एका रेषेत निघून जायचं.

"ओटा जुना आहे," अक्का म्हणाली, "पण मोरीचा दगड सोनाबाईनं बसवलाय. दिवाळीआधी दरवर्षी येते ना, पाट्याला छिन्नीनं टाकी लावायला, तीच. नवरा पाथरवट, पण दगडाची कपची उडून त्याचा एक डोळा गेला. तेव्हापासून छिन्नी तिनं घेतली. लोक हसले आधी. आता कर्जत भागात उंबरा बसवायचा तर तिलाच बोलावतात. गेल्या दिवाळीला मात्र आली नाही."

"मग आपण जाऊ तिच्याकडे."

अक्कानं दुसऱ्या दिवशी पहाटे भाकऱ्या बांधून घेतल्या आणि फिरकीचा तांब्या भरला. मिरजगावपर्यंत एसटी, मग कर्जतकडे जाणाऱ्या दुसऱ्या गाडीनं थोडं पुढे, आणि तिथून मैलभर पायी. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. उन्हाळ्यात त्या बाजूला जाणार असाल तर आजही पाणी बरोबर घ्या आणि दुपारच्या आत पोचा. आम्ही अकराला पोचलो तर चपलेतून पाय भाजत होते.

वाडीत म्हाताऱ्यांशिवाय कुणी नव्हतं. सगळे कामावर. काम कुठे, तर गावच्या विहिरीपाशी. मला वाटलं विहीर खोल करत असतील. चांगलं आहे, म्हटलं.

विहीर खोल करत नव्हते. विहीर फोडत होते.

नीट सांगते. विहीर मोठी, पायऱ्यांची. पायऱ्या घडीव काळ्या दगडाच्या, एकेक चार हात लांब. काठावर गुरांना पाणी पाजायच्या तीन दगडी डोण्या, प्रत्येक एकाच दगडातून कोरून काढलेली. त्यातल्या दोन डोण्यांचे तुकडे झाले होते. वरच्या पाच-सहा पायऱ्या उपटून बाहेर काढल्या होत्या आणि बायका त्यांची खडी फोडत बसल्या होत्या. तिसऱ्या डोणीवर एक बाई पाय सोडून बसली होती. चाळिशीची, सावळी, तळहात पांढुरके झालेले.

"सोनाबाई!" अक्कानं हाक मारली.

"अक्का? तुमी हिकडं कशा?" ती हसली, पण उठली नाही. "या, बसा. मी उठले की ह्यो घण घालनार हाय, म्हून बसलेय."

'ह्यो' म्हणजे मुकादम. टोपी, हातात हजेरीचं मस्टर, छत्री धरून सावलीत उभा. त्याच्या शेजारी दोन गडी घण घेऊन खाली बघत होते. सोनाबाई सकाळपासून तशीच बसली होती आणि त्यानं तिची त्या दिवसाची हजेरी कापली होती.

मी त्याला विचारलं, "हे घडीव दगड का फोडताय?"

"तुम्ही कोण?"

"दगड बघायला आलेली बाई."

त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि शहरी बाई दिसल्यावर आवाज जरा मऊ केला. "बाई, खाण इथून कोसभर. तिथून दगड आणायचा, मग फोडायचा, मग ढीग मोजायचा. वरून रोज विचारणा होते, खडी किती झाली? इथं दगड तयार आहे. आणि विहीर कोरडी. गुरं चारा-छावणीला गेली. पाणी नाही, गुरं नाहीत, तर डोणी ठेवून करायचं काय?"

"पाऊस येणारच नाही का कधी?"

"येईल तेव्हा सिमेंटचा हौद बांधून देतील."

सिमेंटचा हौद! माझ्या कानशिलात रक्त चढलं. पुण्यात परमिटच्या सिमेंटचा ओटा वर्षभर टिकला नाही, आणि हा कर्जतच्या माळावर हौदाचं वचन देत होता, तेही दुसऱ्याच्या नावावर.

सोनाबाई म्हणाली, "माज्या सासऱ्यानं पाडल्या ह्या तिनी डोन्या. एकीला वरीस लागलं. आतली पोकळी काढताना एक घाव वाकडा गेला तर आख्खा दगुड जातो, बाई. दोन माज्याच हातानं फोडून घेतल्या ह्यानं, परवा. लेकराबाळांकडं बघून फोडल्या मी. तिसरीवर हातच उचलंना."

मी मुकादमाला म्हटलं, "विहीर फोडायचा लेखी हुकूम दाखवा."

"हुकूम खडीचा आहे."

"खडीचा असेल. विहिरीचा कुठे आहे?"

खडी फोडणाऱ्या बायकांचे हात थांबले. मुकादमाच्या ते लक्षात आलं. तो जवळ आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बाई, तुम्हाला दगडच हवाय ना? ह्या पायऱ्यांतले चार चांगले निवडा. संध्याकाळी ट्रक नगरला जातो, त्यात टाकून देतो. तिथे म्हणाल त्या दारात उतरवतील. कशाला उन्हात डोकं तापवता?"

आता जे लिहिते ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. मी वाकले आणि उपटलेल्या एका पायरीवर वीत टाकली. एक, दोन, तीन... नऊ विती. माझा ओटा तेवढाच होता. दगडाला टाकी लावलेली, कडा सरळ, वरून पायांनी गुळगुळीत झालेला. दोन दगडांत माझं स्वयंपाकघर झालं असतं आणि तिसऱ्याचं अंगणात बाकडं. मान वर केली तर सोनाबाई माझ्या हाताकडे बघत होती.

"नको," मी म्हटलं. जरा जास्तच मोठ्यानं म्हटलं. "गावच्या विहिरीच्या पायरीवर मी पोळ्या लाटायच्या? तुम्हाला लाज वाटत नाही?"

मग मात्र मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. अक्कानं पिशवीतून वाण्याच्या हिशेबाची वही काढली, पेन्सिल जिभेला लावली आणि मुकादमासमोर उभी राहिली.

"नाव सांगा तुमचं. आडनावासकट. तालुका कुठला? हुकूम देणाऱ्या साहेबांचं नाव काय?"

"तुम्ही कुठल्या खात्याच्या?"

"ते कलेक्टरकचेरीत कळेल तुम्हाला. आडनाव?"

अक्का सातवी पास होती आणि कुठल्याच खात्याची नव्हती. पण लष्करी छावणीत तीस वर्षं राहून साहेबी आवाज तिनं कमावला होता. मागून एक म्हातारी खडीवरून उठली आणि डोणीवर सोनाबाईशेजारी जाऊन बसली. मग आणखी एक. डोणीवर जागा संपली तेव्हा बाकीच्या डोणीला टेकून जमिनीवर बसल्या. घणवाल्या गड्यांनी घण खाली ठेवले.

"व्हय, आमाला बी कागद बगू द्या की," म्हातारी म्हणाली.

मुकादमानं टोपी काढली, घाम पुसला, पुन्हा घातली. "ही एक राहू द्या," तो शेवटी म्हणाला. "पायऱ्यांचंही उद्यापासून बघू. पण सगळ्यांनी आता कामाला लागा, नाहीतर मला हजेरी मांडता यायची नाही."

"हिची आजची मांडा आधी," अक्कानं सोनाबाईकडे बोट दाखवलं. त्यानं आमच्यासमोर मांडली.

दुपारी मजुरांना सुकडी, म्हणजे सरकारी पौष्टिक भुगा, वाटली तेव्हा सोनाबाईनं तिच्यातली मूठभर आम्हाला दिली आणि आम्ही आमची भाकरी तिला दिली. तिचा नवरा जवळ येऊन बसला. एका डोळ्यानं माझ्याकडे बघत त्यानं विचारलं, वटा किती लांब, किती रुंद, चूल का इष्टो. मी माप सांगितलं. त्यानं सुतळीच्या तुकड्याला दोन गाठी मारून ते माप कमरेला खोचलं.

"खानीतला दगुड आनते," सोनाबाई म्हणाली. "ही कामं सुटू द्या, पाऊस पडू द्या. तुमचा वटा मी करून देते. नातवंडं रांधतील त्याच्यावर. थांबाल न्हवं?"

"थांबेन," मी म्हटलं.

परत येताना भिंगार आल्यावर अक्का म्हणाली, "वीत कशाला टाकलीस गं?"

पुण्याला पोचले आणि घरी सगळं सांगितलं. हे ऐकून घेत होते, पण चार घडीव दगड दारात येत होते आणि मी नाही म्हटलं, हे ऐकल्यावर म्हणाले, "अगं, फुटणारच होते ते!" त्यावरून आमचं चांगलंच वाजलं. मी कलेक्टरना अर्ज लिहिला, दोन पानी. त्याचं उत्तर आलं नाही. आणि जूनच्या अखेरीस ओट्याचा स्टोव्हखालचा भाग पूर्ण खाली बसला. उकळत्या दुधाचं पातेलं घसरलं, माझा पाय थोडक्यात वाचला. ह्यांनी त्याच आठवड्यात कडप्पा आणला आणि गवंड्यानं दोन दिवसांत बसवला. काळा, सपाट, स्वच्छ. मी विरोध केला नाही.

ऑगस्टात अक्काचं पत्र आलं. कर्जतकडे पाऊस झाला होता. विहिरीच्या उरलेल्या पायऱ्या राहिल्या होत्या, पण आम्ही येऊन गेल्यावर आठवड्याच्या आत मुकादमानं सोनाबाईला दुसऱ्या कामावर टाकलं होतं, सहा मैलांवर. जाऊन-येऊन बारा मैल ती अख्खा जून चालली. तिच्याच शेजारी डोणीवर बसलेल्या म्हातारीला त्यानं कामावरच घेतलं नाही. आम्ही भांडून गाडीत बसलो होतो आणि त्याची किंमत तिथे राहणाऱ्यांनी मोजली होती. आज इतक्या वर्षांनी हे लिहितानाही त्या माणसाचं तोंड आठवलं की माझा राग ताजा होतो, आणि तो ओसरावा असं मला वाटतही नाही.

पत्रात पुढे होतं: चारा-छावणीतली गुरं परत आली. डोणी एकच, त्यामुळे गुरं तिच्याभोवती ढकलाढकल करतात, शिंगं लागतात. सोनाबाईनं खाणीतून दोन दगड आणवले आहेत. पहिल्यातून गावासाठी दुसरी डोणी कोरायला घेतली आहे. वर्षभर लागेल म्हणते. आणि शेवटी अक्कानं तिचा निरोप जसाच्या तसा लिहिला होता: "पुन्याच्या बाईंना म्हनावं, दुसरा दगुड तुमचा हाय. बाजूला ठिवलाय. डोनी झाली की वट्याला हात लावते."

कडप्प्यावर ठेवूनच मी ते पत्र वाचलं. 'मला थांबता आलं नाही,' एवढं एक वाक्य सोनाबाईसाठी लिहून पाठवायला मला तीन आठवडे लागले.