अजिनाथनं सोडलेली गाठोडी

अजिनाथ क्रांती चौकाजवळच्या पंप-दुरुस्तीच्या दुकानात कॉम्प्युटर बघायचा. काम सांगितलं की उत्तर ठरलेलं, "चहा पिईस्तोर होतंय." वडील काय करतात विचारलं तर म्हणायचा, "शेतीचं बघतात." आता ज्याच्या नावावर वीतभर जमीन नाही तो शेतीचं काय बघणार? सोयगावकडं लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, एवढंच. पण मेंढरांचं नाव काढायला गड्याला लाज वाटायची.

सोळा सालच्या दुष्काळात पडेगावला टँकर भरायचा पंप बंद पडला. पॅनलवर नुसता बिघाडाचा एक आकडा लुकलुकत होता. कंपनीचं नाव उन्हानं उडालेलं. दुकानाच्या कॉम्प्युटरवर निरनिराळ्या कंपन्यांच्या दोनशे चौदा जुन्या मदत-फायली होत्या, एकेकीत शंभरेक पानं गाठोड्यागत बांधलेली, आणि आत शोधायची सोय नाही. म्हणजे सगळी गाठोडी सोडून त्यात तो आकडा हुडकायचा. मालकीण शीलाताई म्हणाल्या, "लवकर कर रे बाबा, तिकडं टँकरची रांग लागलीय."

अजिनाथनं एका हुकमात सगळी गाठोडी सोडली आणि पानं एकाच फोल्डरात ओतली. खरंच चहाच्या आत झालं. कॉलर ताठ करून त्यानं आकडा शोधला, तर नाय! प्रत्येक फायलीत पानांची नावं तीच, पान एक, पान दोन. मागून आलेल्या पानानं आधीचं पुसून टाकलेलं. एकवीस हजारातली शे-दीडशेच उरली होती. पडेगावहून फोनावर फोन.

नेमके त्याच दिवशी त्याचे वडील, नाव कारभारी, डोळे दाखवायला शहरात आलेले. अजिनाथनं त्यांना "गावाकडचे आहेत" म्हणून कोपऱ्यात स्टुलावर बसवलं होतं. म्हाताऱ्याला दिसत कमी होतं, ऐकू मात्र लई यायचं; सगळ्यांची पानं एकात मिसळली, असं पोरगा ताईंना सांगत होता ते त्यानं ऐकलं.

"आजिनाथा, समद्यांची मेंढरं एका कळपात घातली व्हय?"

"हां."

"अन् खुणा?"

अजिनाथनं फोल्डरातली नावं पुन्हा चाळली.

"चार घरची एकत्र सोडायची तर आधी ज्याचा त्याचा रंग पाठीवर लावावा लागतो. सात वर्साचा असताना तूच लावायचास की."

शीलाताईंनी हसू दाबलं. अजिनाथनं मान खाली घालून प्रत्येक फायलीच्या नावाचा वेगळा फोल्डर केला आणि पुन्हा सगळं सोडलं.

"आता मोज," कारभारी म्हणाले.

फोल्डर भरले दोनशे चौदा. एकशे सदतिसाव्यात आकडा सापडला. वायर उलटी जोडली होती, बस. पाऊण तासात पंप सुरू झाला.

"हे गावाकडचे कोण रे?" शीलाताईंनी विचारलं. "यांनाच कामावर ठेवावं म्हणते."

अजिनाथ खुर्चीवरून उठला. "माझे वडील आहेत. मेंढरं राखतात. दहावीपर्यंत मी पण राखली."

कारभारी शीलाताईंकडं वळून म्हणाले, "गावात मला पुसत्यात, पोरगा शहरात करतो तरी काय? मला काय सांगता येत नव्हतं, ताई. आता सांगीन, मेंढरंच राखतो म्हणून."